‘येऊ दे, येऊ दे’च्या भरवशावर गाडी लावणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापसाचे चुकारे हाती आले आणि लग्नसराई तोंडावर आली की आपल्या भागात गावोगाव छोट्या मोटारी वाढतात. काही शोरूममधून येतात, बऱ्याचशा जुन्या बाजारातून. महिना उलटायच्या आत डाव्या मागच्या दारावर आणि मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर ओरखडे दिसू लागतात. हे ओरखडे हमरस्त्यावर पडलेले नसतात. घरच्या फाटकात, देवळासमोर, आठवडी बाजारात, माणसाच्या चालीने गाडी सरकत असताना ते पडतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘अजून जजमेंट आलं नाही.’ जणू जजमेंट अक्कलदाढेसारखं एक दिवस आपोआप येणार आहे. ते टेपने मोजून बसवता येतं आणि एका रविवारात बसतं. कसं, ते सांगावं आणि ग्रामपंचायतींकडे एक मागणीही करावी, म्हणून हे पत्र.

ज्याचा हात ट्रॅक्टरवर बसला आहे त्याची मोटारीत जास्त फसगत होते, हे अनेकांना खरं वाटत नाही. ट्रॅक्टरवर माणूस उंच बसतो, पुढची दोन्ही चाकं डोळ्यांसमोर असतात, मान वळवली की मागचं मोठं चाकही दिसतं. बैलबंडीचंही तसंच. मोटारीत चारपैकी एकही चाक जागेवरून दिसत नाही. चालकाचा डोळा जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतो आणि बॉनेटची पुढची कड सुमारे ८५ सेंटिमीटरवर. त्यामुळे बंपरच्या पुढची अडीच ते चार मीटर जमीन बॉनेटआड जाते. मागे तर पाच-सात फुटांवर बसलेलं पोर, बादली किंवा कोंबडी काचेतून दिसतच नाही. म्हणून गाडी मागे घेण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची. उन्हाळ्यात गाडीखालच्या सावलीत कुत्रं झोपलेलं असतं, तेही याच फेरीत कळतं.

आता मापं. आपल्याकडे ४ मीटरच्या आतली गाडी छोटी धरतात. वॅगनआरचं सध्याचं मॉडेल ३.६५५ मीटर लांब आणि १.६२ मीटर रुंद आहे. रुंदीचा हा आकडा आरसे सोडून असतो. उघडा आरसा दर बाजूला आणखी वीतभर जागा खातो, म्हणजे प्रत्यक्षात गाडी दोन मीटरच्या आसपास जाते. फाटक ८ फुटांचं, म्हणजे २.४४ मीटरचं असेल तर आरशापासून खांबापर्यंत दर बाजूला जेमतेम वीतभर उरते. ७ फुटी फाटकात चार बोटं उरली तर नशीब. ६ फुटी फाटकात आरसे दुमडल्याशिवाय शिरूच नये. आपल्या गाडीची रुंदी आरसे उघडे ठेवून एकदा स्वतः मोजावी आणि आकडा पाठ करावा. बैलजोडीची किंमत पाठ असते, तसा.

सरावाला काय लागतं? ५ मीटरचा टेप, घमेलंभर चुना किंवा राख, वाळूने भरलेले चार रिकामे डबे आणि त्यांत उभ्या केलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. पऱ्हाटीचा फायदा असा की धक्का लागला तर ती मोडते, रंगाला काही होत नाही. जागा म्हणजे खळं, नाहीतर सुटीच्या दिवशी शाळेचं पटांगण.

आधी बैठक पक्की करावी. सीट पुढे-मागे, उंच-खाली एकदा ठरवून टाकावी. गादी किंवा उशी घेऊन बसायची सवय असेल तर ती घेऊनच सराव करावा, कारण डोळा दोन बोटं वर गेला की सगळ्या खुणा सरकतात. एकाच गाडीवर बाप आणि लेक दोघं बसत असतील तर दोघांच्या खुणा वेगळ्या असणार.

डावी बाजू सगळ्यांना नडते, कारण चालक उजवीकडे बसलेला असतो. जमिनीवर चुन्याची १० मीटर लांब सरळ रेघ मारावी. गाडी रेघेला समांतर अशी उभी करावी की डावे दोन्ही टायर रेघेपासून बरोबर ३० सेंटिमीटरवर येतील. रेघ गाडीच्या पुढे निदान ५ मीटर दिसली पाहिजे. मग आपल्या नेहमीच्या बैठकीत बसून, मान न झुकवता, ती रेघ बॉनेटच्या कडेला कुठे जाऊन मिळते ते पाहावं. बहुतेक छोट्या गाड्यांत ती काचेच्या साधारण मधोमध येते. नवख्याला हे पटत नाही. त्याच्या मते डावं चाक काचेच्या डाव्या टोकाला असायला हवं. आतून काचेच्या खालच्या कडेला, नजर अडणार नाही अशी, त्या जागी एक लाल टिकली चिकटवावी. घरात टिकलीचं पाकीट असतंच. पुढच्या वेळी नालीची कड किंवा ओट्याची पायरी त्या टिकलीतून जाताना दिसली की डावं चाक तिच्यापासून ३० सेंटिमीटरवर आहे असं समजावं. उजव्या बाजूला अशीच हिरवी टिकली लावावी. ती काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ येते. दहा-बारा वेळा रेघेजवळ येऊन, उतरून, टेप लावून पाहावं. आठवडाभराने टिकल्या काढून टाकल्या तरी चालतं.

पुढच्या अंतरासाठी घरचीच भिंत वापरावी. गाडी भिंतीच्या जितकी जवळ जाते तितका भिंतीचा जास्त भाग बॉनेटखाली जातो. वर दिलेल्या उंचींचा हिशेब केला तर बंपर २ मीटरवर असताना भिंतीचा खालचा सुमारे ४४ सेंटिमीटर भाग झाकला जातो, १ मीटरवर असताना सुमारे ६४ आणि अर्ध्या मीटरवर सुमारे ७५. आपल्या गाडीचे आकडे थोडे इकडे-तिकडे असतील, म्हणून बंपर टेपने बरोबर १ मीटरवर आणावा, आत बसावं आणि भिंतीचा जो भाग बॉनेटच्या लगेच वर दिसतो तिथे दुसऱ्याला खडूने खूण करायला सांगावी. अर्ध्या मीटरवर पुन्हा तेच. मग त्या दोन उंचींवर रंगाचे दोन पट्टे मारावेत. खालचा पट्टा गडप झाला की एक मीटर उरला, वरचा गडप झाला की हातभर, तिथे थांबायचं.

मागे मात्र ही युक्ती लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते समजून घेतलं की बरेच ओरखडे वाचतात. मागच्या काचेची खालची कड जमिनीपासून एक मीटरच्या वर, जवळपास डोळ्याच्याच उंचीला असते. त्यामुळे नजर जवळजवळ आडवी जाते. २ मीटरवरून अर्ध्या मीटरवर येईपर्यंत पुढे बॉनेटआड जाणारा भाग ३० सेंटिमीटरने वाढतो, मागे तेवढ्याच अंतरात फरक पडतो फक्त दहा-अकरा सेंटिमीटरचा. भिंत ‘अजून लांब आहे’ असं वाटत राहतं आणि ठक्क आवाज येतो. म्हणून मागचं अंतर काचेतून ठरवू नये, जमिनीवरून ठरवावं. मागच्या टायरच्या मागच्या कडेपासून बंपरच्या टोकापर्यंत छोट्या गाड्यांत साधारण २५ ते ३५ सेंटिमीटर असतात. आपल्या गाडीचं हे अंतर मोजावं, त्यात ३० मिळवावेत आणि भिंतीपासून तेवढ्या अंतरावर बाभळीचा एक सरळ ओंडका खुंट्या ठोकून आडवा पक्का करावा. टायर ओंडक्याला टेकला की गाडी भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर थांबली. ओंडका ४ इंचांपेक्षा, म्हणजे १० सेंटिमीटरपेक्षा उंच नको. सामान भरलेल्या गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि सायलेन्सर घासतो. ओंडका नको असेल तर तिथे चुन्याची आडवी रेघ मारावी आणि मागच्या टायरची मागची कड तिच्यावर आल्याचं आरशात पाहावं. त्यासाठी डावा आरसा थोडा खाली झुकवायचा, इतका की मागचा टायर जमिनीला टेकतो ती जागा दिसेल. गाडी लागली की आरसा पुन्हा जागेवर. बाहेरचे आरसे बहिर्वक्र असतात, त्यांत सगळं आहे त्याहून लहान आणि लांब दिसतं. आतला आरसा सपाट असतो. दोन्हींत एकच खांब वेगवेगळ्या अंतरावर दिसला तर आतल्याचं ऐकावं.

आता ‘येऊ दे, येऊ दे’. गाडी मागे जात असली की बाजूचा कुणीही उठून हे काम अंगावर घेतो. हेतू चांगला असतो, पद्धत चुकीची. माणसाच्या चालीने, ताशी ४ किलोमीटरने सरकणारी गाडी एका सेकंदात मीटरभर जाते. त्याने ‘बस’ म्हणायचं, चालकाने ऐकायचं, पाय ब्रेकवर जायचा, यात तो सेकंद गेलेला असतो. त्यात बाजूला डीजे वाजत असेल तर संपलंच. मदत करणाऱ्याने चालकाला उजव्या आरशात दिसेल अशा जागी उभं राहावं, गाडी आणि भिंत यांच्या मध्ये कधीही नाही. तोंडाने बोलण्यापेक्षा दोन्ही हातांमध्ये अंतर दाखवावं, जेवढं उरलं तेवढं, आणि ते कमी करत आणावं. आवाजच द्यायचा तर एसटीच्या घंटीचा नियम गावात सगळ्यांना ठाऊक आहे: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पत्र्यावर हाताची थाप तशीच मारावी. मदतनीस आरशातून दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवावी, तो कुठे गेला याचा अंदाज करू नये.

१ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या नव्या मोटारींना मागे अंतर सांगणारे सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे ‘भोंगा वाजेपर्यंत घे’ ही नवी सवय आली आहे. सेन्सर आवाजाची लहर सोडतो आणि परत आलेली लहर मोजतो. सपाट भिंत त्याला छान कळते. सोडून ठेवलेल्या बंडीची पुढे आलेली दांडी, तारेचं कुंपण, बारीक लोखंडी पाइप त्याला बरेचदा कळत नाही, कारण लहर परत येण्याइतका पृष्ठभागच समोर नसतो. कडब्याची गंजी आणि कापसाचा ढीग लहर गिळतात. नाली तर त्याला दिसूच शकत नाही, तिथे लहर परतवायला काही नसतंच. पावसाळ्यात चिखल बसला की तो एकतर सारखा वाजतो किंवा मुका होतो. ओल्या फडक्याने पुसला की ठीक होतो. दुकानातून बसवून घेतलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा कॅमेऱ्यात आधीच आखलेल्या असतात, त्या तुमच्या गाडीच्या मापाच्या असतीलच असं नाही. लाल रेघेवर दिसेल अशी वीट जमिनीवर ठेवावी, उतरून बंपरपासून मोजावी. ते अंतर एकदा कळलं की कॅमेरा कामाचा.

फाटकाचं गणित जरा खोलात जाऊन सांगतो, कारण बहुतेक मार तिथेच बसतो. स्टेअरिंग पूर्ण कापलं की मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आत कापतं. ज्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे २.४ मीटर अंतर आहे आणि वळणाची त्रिज्या ४.७ मीटर आहे, तिचं आतलं मागचं चाक आतल्या पुढच्या चाकापेक्षा जवळजवळ ९० सेंटिमीटर, म्हणजे दोन हात आतून जातं. पुढचं नाक खांबापासून सुखरूप सुटलं म्हणून चालक निश्चिंत होतो आणि मागचं दार खांबाला लागतं. उलट मागे घेताना नाक बाहेर फेकलं जातं, तेही सुमारे मीटरभर. चालक मान मागे वळवून फाटक पाहत असतो आणि पुढचा कोपरा समोरच्या घराच्या ओट्याला जाऊन भिडतो. कंपनी सांगते ती वळणाची त्रिज्या सहसा टायरची असते. बंपरचा कोपरा त्याच्याही बाहेरून फिरतो.

गल्लीतून घरात शिरायचं तर गाडी मागे घेत शिरवावी आणि तोंड बाहेर ठेवून लावावी. मागची चाकं वळत नाहीत, ती आधी फाटकात गेली की वळणारं तोंड मोकळ्या गल्लीत उरतं आणि हवं तसं सावरता येतं. सकाळी निघताना समोरून जाणारी पोरं आणि दुचाकी दिसतात, हा वरचा फायदा. गल्ली १४ फुटांची आणि फाटक ८ फुटांचं असेल तर वर सांगितलेल्या मापाची गाडी एका दमात आत जाते. डावीकडे फाटक असेल तर गाडी भिंतीपासून साडेचार फूट लांब ठेवून सरळ पुढे न्यावी. मागचा बंपर फाटकाचा जवळचा खांब ओलांडून साधारण ५ फूट पुढे गेला की थांबावं. स्टेअरिंग डावीकडे पूर्ण कापून, अर्ध्या क्लचवर, बोटाबोटाने मागे यावं. नजर आळीपाळीने डाव्या आरशात जवळच्या खांबावर आणि उजव्या पुढच्या कोपऱ्यावर. गाडी फाटकाशी सरळ झाली की चाकं सरळ. खांब जवळ येतोय असं वाटलं तर तसंच रेटू नये, थांबून चाकं सरळ करून दोन हात पुढे जावं आणि पुन्हा मागे यावं. गल्ली १० फुटांचीच असेल तर दोन-तीन वेळा पुढे-मागे करावंच लागतं, त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्याचा ओटा फोडण्यापेक्षा ते बरं.

बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला दोन गाड्यांच्या मध्ये लावायचं असेल तर मोकळी जागा आपल्या गाडीपेक्षा निदान ५ फूट लांब हवी. नसेल तर दुसरी जागा शोधावी, नवख्याने हट्ट करू नये. पुढच्या गाडीच्या बरोबरीला दोन-अडीच फूट अंतर ठेवून उभं राहावं. दोघांचे मागचे बंपर एका रेषेत आले की डावीकडे पूर्ण कापून मागे, गाडी साधारण ४५ अंशांत तिरपी झाली की सरळ, आपला डावा पुढचा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यापासून सुटला की उजवीकडे पूर्ण. रस्त्यात शेपूट सोडून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कलम १२२ आहे. बाजाराच्या जागेत पंचायतीने २.५ गुणिले ५ मीटरचे खण चुन्याने आखून दिले तर दोन छोट्या गाड्यांच्या मध्ये ८५-९० सेंटिमीटर उरतात, दार उघडून पिशवीसकट उतरता येतं. आखले नाहीत की पहिला तिरपा लावतो आणि मागची सगळी रांग त्याच्यामागे तिरपी होते.

वाहन शिकवणाऱ्या शाळांबद्दल आमच्याच धंद्याला चिमटा काढतो. हलक्या वाहनासाठी २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास नियमाने ठरलेले आहेत. परवान्याच्या चाचणीत गाडी मागे घेत अरुंद जागेत नीट शिरवता यावी, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १५व्या नियमात लिहिलेलं आहे. तरी बरेच तास डांबरी रस्त्यावर सरळ जाण्यात जातात आणि रिव्हर्स शेवटच्या दोन दिवसांत उरकतो. शिकणाऱ्याने दोन तास नुसत्या रिव्हर्सचे मागून घ्यावेत. पैसे त्याचेच आहेत.

राहिली नाली. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको: उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि कड धरत नाही. जून ते सप्टेंबर टायर उघड्या नालीच्या काठापासून निदान दोन फूट आत ठेवावा. वरून टणक दिसणारी कड खालून पोकळ झालेली असते आणि गाडीचं वजन आलं की एक चाक आत जातं. छोट्या गाडीचं पोट जमिनीपासून १६-१७ सेंटिमीटरच वर असतं, चाक गेलं की पोट टेकलंच.

गावोगावी सिमेंटचे रस्ते आणि बाजूच्या नाल्या झाल्या, घरासमोर नालीवर ढापे, म्हणजे सिमेंटची झाकणं पडली, हे चांगलं झालं. पण ढापा नेमका फाटकाएवढा, ८ फुटांचाच टाकतात. गाडी वळत येत असताना आतलं मागचं चाक नाली ओलांडतं तेव्हा ते खांबाच्या रेषेच्या बाहेर असतं, वरच्या मापांत वीतभराहून थोडं जास्तच. म्हणजे ते ढाप्याच्या कोपऱ्यावरून घसरून नालीत जाणारच, चालक कितीही तरबेज असो. ८ फुटी फाटकासमोरचा ढापा १२ फुटांचा हवा, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जास्त. तेवढं जमत नसेल तर वळण ज्या बाजूने घेतलं जातं त्या बाजूला तरी वाढवावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना पांढरा पट्टा मारावा, म्हणजे लोडशेडिंगच्या अंधारात रिव्हर्सच्या दिव्यात तो चमकतो. ग्रामपंचायतींनी नालीच्या कामाचं अंदाजपत्रक करतानाच हे माप धरावं. ढापा नंतर फोडून वाढवता येत नाही, आतली सळई उघडी पडते.

माप कागदावर ठरवण्यापेक्षा एक सोपी रीत आहे. नाली खोदण्याआधी त्या जागेवर ओला चुना पसरावा आणि घरमालकाला त्याची गाडी रोजच्यासारखी एकदा आत, एकदा बाहेर काढायला सांगावी. टायरचे चारही पट्टे जमिनीवर उमटतात. सगळ्यात बाहेरच्या पट्ट्यापासून दोन्हीकडे वीत-वीत सोडून गवंड्याने दोरी धरावी.

आपले,
मोटार ड्रायव्हिंग शिकवणारे काही वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा